कुंपण जागेवर, सातबारा जुना: फर्मवेअरने राखलेली मेमरी कर्नलला न कळल्याचे एक प्रकरण

हे प्रकरण अंधेरी पूर्वेच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीतले आहे. कंपनी, चिपचा विक्रेता किंवा ग्राहक ओळखू येईल असे तपशील काढले आहेत. मेमरीचे आकार, आवृत्त्या आणि घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे, कारण चूक नेमकी त्यांच्यातच होती.

पार्श्वभूमी

कंपनी सोसायट्यांच्या पंपखोलीत बसणारा नियंत्रक बनवते. तळटाकी, गच्चीवरची टाकी, दोन-तीन पंप आणि त्यांचे विजेचे भार यांवर तो लक्ष ठेवतो. पावसाळ्यात मीटर केबिनमध्ये पाणी शिरले की सुरक्षेसाठी पुरवठा तोडला जातो. कुर्ला किंवा हिंदमाता भागातल्या सोसायट्यांना हे नवीन नाही. नियंत्रकात काही मिनिटे पुरेल इतकीच बॅटरी आहे. ती उतरू लागली की यंत्राने मेमरीतले सगळे ईएमएमसीवर (कायम साठवणाऱ्या चिपवर) लिहून बंद व्हायचे आणि वीज आली की सोडल्या जागेवरून उठायचे, असे ग्राहकाशी ठरले होते. थोडक्यात, हायबरनेशन हवे होते आणि तेही मृग लागायच्या आत.

चिप ६४-बिट रिस्क-फाइव्ह, चार हार्टची (हार्ट म्हणजे सूचना चालवणारा गाभा). डीरॅम (मुख्य मेमरी) १ जीबी, भौतिक पत्ता २ जीबीपासून ३ जीबीपर्यंत. वीज आली की आधी एसपीएल हा पहिला छोटा लोडर, मग एम-मोडमध्ये (सर्वोच्च अधिकाराच्या पातळीत) ओपनएसबीआय हे फर्मवेअर, मग एस-मोडमध्ये (त्याखालच्या पातळीत) यू-बूट हा बूटलोडर आणि शेवटी लिनक्स कर्नल. ओपनएसबीआय डीरॅमच्या अगदी सुरुवातीला बसते आणि कर्नल तिथून २ एमबी पुढे चढतो. कर्नल आणि त्याचा डीटीबी (हार्डवेअरचे वर्णन करणाऱ्या डिव्हाइस ट्रीची फाइल) एकाच एफआयटी फाइलमध्ये, म्हणजे यू-बूटच्या एका गठ्ठ्यात, बांधलेले होते.

आधी यंत्रे लिनक्स ६.१ वर चालत होती. रिस्क-फाइव्हसाठी हायबरनेशन मुख्य कर्नलमध्ये आले ते ६.४ मध्ये, २०२३ साली. म्हणून ६.६ या दीर्घकालीन आवृत्तीवर जायचे ठरले. त्याच वेळी विक्रेत्याने ओपनएसबीआय १.२ वर आधारलेले नवे फर्मवेअर दिले आणि दोन्ही बदल एकाच दमात घेतले गेले.

पीएमपी नेमके काय राखते

पीएमपी म्हणजे हार्टमधले भौतिक मेमरीचे कुंपण. प्रत्येक नोंदीला एक पत्ता-रजिस्टर आणि ८ बिटांचे कॉन्फिग असते. त्यात वाचणे, लिहिणे, चालवणे यांचे तीन बिट, पत्ता जुळवण्याची पद्धत सांगणारे दोन बिट आणि सर्वात वरचा कुलपाचा बिट. पत्ता चारने भागून ठेवतात. नॅपॉट पद्धतीत पट्ट्याचा आकार २ चा घात असावा लागतो आणि तो पत्त्याच्या शेवटच्या सलग १ बिटांवरून ओळखतात. एकाच पत्त्याला दोन नोंदी लागू पडल्या तर कमी क्रमांकाची जिंकते. कुलूप नसेल तर एम-मोडला ही बंधने लागत नाहीत. एस-मोडला आणि यू-मोडला (साध्या प्रोग्रामांच्या पातळीला) मात्र जुळणारी नोंद सापडली नाही तरी प्रवेश नाकारला जातो, म्हणून ओपनएसबीआय शेवटी ‘उरलेले सगळे खुले’ अशी एक नोंद टाकते.

या प्रकरणात दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या. पीएमपीने अडवले की पेज फॉल्ट, म्हणजे पेज टेबलमधली (मेमरीच्या पानांच्या नकाशातली) अडचण, येत नाही, ॲक्सेस फॉल्ट येतो. त्याची कारण-क्रमांक म्हणून नोंद होते: सूचना आणताना १, वाचताना ५, लिहिताना ७. पेज फॉल्टचे क्रमांक १२, १३ आणि १५. लॉगमध्ये ५ किंवा ७ दिसला तर पेज टेबल चाळत बसू नये. पान नकाशात आहे, जमीन दुसऱ्याची आहे. दुसरी गोष्ट अशी की पीएमपीची रजिस्टरे फक्त एम-मोडला वाचता येतात. कर्नलने वाचायचा प्रयत्न केला तर अवैध सूचनेचा ट्रॅप येतो. म्हणजे कुंपण कुठे घातले आहे हे कर्नलला स्वतः बघता येत नाही. त्याला कागदावर विसंबावे लागते आणि तो कागद म्हणजे डिव्हाइस ट्रीतला राखीव मेमरीचा भाग.

गावाकडे शेताच्या बाबतीत हेच होते: कुंपण सरकलेले असते, सातबाऱ्यावर जुनीच हद्द असते. मुंबईत सातबाऱ्याच्या जागी मालमत्ता पत्रक येते एवढाच फरक.

ओपनएसबीआय आपल्या हद्दीची नोंद स्वतःच करते. जिथे एस-मोडला काहीच करता येत नाही अशा प्रत्येक मेमरी-पट्ट्यासाठी ती डिव्हाइस ट्रीत ‘एममोड-रिझर्व्ह’ नावाची नोंद टाकते आणि तो ट्री पुढच्या टप्प्याला देते. पुढचा टप्पा तोच ट्री वापरेल याची मात्र हमी नसते. इथे यू-बूट कर्नलला एफआयटीतला डीटीबी देत होता आणि त्यात राखीव मेमरी कोणीतरी फार पूर्वी हाताने लिहून ठेवली होती: सुरुवातीचे २५६ केबी आणि शेवटचा १ एमबी. शेवटचा १ एमबी विक्रेत्याच्या किल्ली-सेवेसाठी होता.

पहिली खूण, जी दाबली गेली

६.६ पहिल्यांदा चढवला तेव्हा इनिट (कर्नलने सुरू केलेला पहिला प्रोग्राम) सुरू होताच कर्नल कोसळला. लॉगमध्ये लिहिताना झालेला ॲक्सेस फॉल्ट, कारण ७. पत्ता डीरॅमच्या सुरुवातीपासून २५६ केबीच्या थोडा पुढचा.

कारण शोधायला फार वेळ लागला नसता. नवे फर्मवेअर २५६ केबीच्या थोडेसे वर गेले होते आणि नॅपॉटला २ चा घातच चालतो, म्हणून कुंपण थेट ५१२ केबीचे झाले होते. डीटीबीत २५६ केबीच राहिले. मधले २५६ केबी कर्नलच्या लेखी मोकळे रान होते. ६.१ वर हे कधीच उघडे पडले नसते, कारण त्यात कर्नल आपल्या चढण्याच्या जागेखालची मेमरी हिशोबातच धरत नव्हता. बूट लॉगमध्ये ‘हा मेमरी-पट्टा दुर्लक्षित’ अशा अर्थाची ओळ यायची आणि सुरुवातीचे २ एमबी तसेच पडून राहायचे. ६.४ मध्ये थेट नकाशा (कर्नलने भौतिक मेमरीचा सलग मांडलेला नकाशा) डीरॅमच्या सुरुवातीपासून घ्यायला सुरुवात झाली, जेणेकरून १ जीबीची मोठी पाने वापरता यावीत. त्याबरोबर फर्मवेअरचे घरही कर्नलच्या नकाशात आले.

इथे पहिला निर्णय झाला. बूटलोडर सांभाळणाऱ्या अभियंत्याने डीटीबीतली नोंद २५६ केबीवरून सरसकट २ एमबी केली. यंत्र चढले, तिकीट बंद झाले. बदलाच्या नोंदीत ‘राखीव जागा वाढवली’ एवढेच होते, का वाढवली ते नव्हते. त्या दिवशी हा उपाय चुकीचा म्हणता येणार नाही. यंत्र चढणे गरजेचेच होते. पण फर्मवेअरची हद्द आणि हाताने लिहिलेली हद्द वेगळ्या असू शकतात हे त्याच सकाळी पुढ्यात आले होते, आणि दुरुस्ती झाली ती हाताने लिहिलेल्या यादीची.

अडचण

हायबरनेशन चालू करायला गेल्यावर ६.६ च्या मेन्यूमध्ये तो पर्याय दिसेना. थोडे खोदल्यावर कळले की तो ‘नॉन-पोर्टेबल’ या पर्यायामागे ठेवला आहे. तो चालू केला, हायबरनेशन दिसू लागले. केकॉन्फिगमध्ये (कर्नलच्या पर्यायांच्या फाइलमध्ये) त्या ओळीच्या वरच टिप्पणी आहे: फर्मवेअरने आपली राखीव मेमरी लिनक्सला अगम्य म्हणून खूण केली असेल, किंवा ते लिनक्सच्या मेमरीतून चालतच नसेल, तरच हायबरनेशन शक्य आहे. ती कोणी वाचली नाही.

मग चाचणी. पॉवर मॅनेजमेंटच्या चाचणी-पातळ्या पाच: फ्रीझर, डिव्हायसेस, प्लॅटफॉर्म, प्रोसेसर्स, कोर. पाचही हिरव्या आल्या. प्रत्यक्ष झोपवायला गेले की यंत्र गप्प, आणि थोड्या वेळाने वॉचडॉगने (अडकलेले यंत्र रीसेट करणाऱ्या टायमरने) ते पुन्हा चढवलेले. पहिला आठवडा वॉचडॉगचा कालावधी वाढवण्यात गेला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पाच पातळ्या हिरव्या येऊनही खरी झोप का फसते? कारण कोर पातळीसुद्धा मेमरीची नक्कल सुरू होण्याच्या ऐन उंबरठ्यावरून परत फिरते. पानांची नक्कल खऱ्या हायबरनेशनमध्येच होते, नाहीतर डिस्कच्या पर्यायांतल्या ‘टेस्ट-रिझ्यूम’ मध्ये. दुसरे असे की झोपताना कन्सोलही झोपतो, त्यामुळे मरताना कर्नल काय बोलला ते सिरीयलवर येतच नव्हते. बूट ओळीत कन्सोल झोपवू नको हा पर्याय टाकल्यावर पहिल्याच प्रयत्नात उत्तर मिळाले: वाचताना ॲक्सेस फॉल्ट, कारण ५, ठिकाण पान-नक्कल करणारे फंक्शन.

लॉगमधल्या आभासी पत्त्यातून थेट नकाशाचा आरंभ वजा केला की डीरॅममधले अंतर मिळते. ते आले शून्य. डीरॅमचे पहिलेच पान, म्हणजे ओपनएसबीआयचा उंबरा.

तपास

कर्नल सांभाळणारीने पहिला प्रश्न विचारला: २ एमबी तर राखीव केले आहेत, मग त्यांची नक्कल होतेच कशी?

उत्तर हायबरनेशनच्या कोडमध्ये होते. कुठले पान जपायचे हे ठरवणारे फंक्शन राखीव पान वगळते, पण एका अटीवर: ते पान कर्नलच्या नकाशात नसले पाहिजे, किंवा ‘जपू नको’ अशा पट्ट्यात असले पाहिजे. राखीव असूनही नकाशात असलेले पान जपले जाते. हे तर्कसंगत आहे, कारण कर्नलची स्वतःची कितीतरी माहिती राखीव पानांतच असते. राखीव म्हणजे ‘कोणाला वाटू नको’, आणि नो-मॅप म्हणजे ‘नकाशातही आणू नको’. हाताने लिहिलेल्या नोंदींत पहिले होते, दुसरे नव्हते.

ओपनएसबीआयनेही ही खूण एकेकाळी सोडून दिली होती. ०.८ पासून १.२ पर्यंतच्या आवृत्त्या राखीव नोंद टाकत, पण तिला नो-मॅप लावत नसत. हेतू चांगला होता. नो-मॅपमुळे सुरुवातीच्या पट्ट्याला छिद्र पडते आणि कर्नलला तिथे १ जीबीचे पान वापरता येत नाही. पुढे ६.४ ने सुरुवातीचे २ एमबी नकाशात घेतले, हायबरनेशनही त्याच आवृत्तीत आले आणि दोन्ही एकमेकांवर आदळले. ओपनएसबीआय १.३ पासून नो-मॅप परत आले. या कंपनीच्या हाती नेमकी १.२ होती.

खात्री करण्यासाठी हाताने लिहिलेल्या २ एमबीच्या नोंदीला नो-मॅप लावून पाहिले. नक्कल पुढे सरकली, जवळजवळ सगळी पाने पार झाली आणि पुन्हा कोसळली. कारण पुन्हा ५, या वेळी अंतर १०२३ एमबी. किल्ली-सेवेचा शेवटचा १ एमबी.

तिथेही नो-मॅप लावून मोकळे होता आले असते. पण एक गोष्ट खटकत होती. ओपनएसबीआय चढताना सिरीयलवर, आपल्या बॅनरमध्ये, डोमेनचे (तिने नोंदलेल्या हद्दींच्या दप्तराचे) सगळे पट्टे छापते: सुरुवात, शेवट, एम-मोडला काय मुभा, एस-मोडला काय मुभा. त्या यादीत हा १ एमबी नव्हताच. विक्रेत्याच्या पुण्यातल्या सपोर्टला फोन गेला.

“मॅडम, राखलेले पट्टे सगळे बॅनरमध्ये येतात, तिथे बघा ना.”

“बॅनरमध्ये नाहीये, म्हणूनच तुम्हाला विचारतेय.”

मग जेटॅग (चिपच्या आत बघायची डीबग-जोडणी) लावला. हार्ट थांबवून ओपनओसीडी या डीबग-साधनातून पीएमपीची रजिस्टरे वाचली. डीबग मोडला ती वाचता येतात. शून्य क्रमांकाच्या नोंदीचा कॉन्फिग बाइट २४ होता, म्हणजे पद्धतीचे दोन्ही बिट १ (नॅपॉट) आणि बाकी सगळे शून्य: ना वाचणे, ना लिहिणे, ना चालवणे, ना कुलूप. पत्ता-रजिस्टरच्या शेवटी सलग १७ बिट १ होते. नॅपॉटमध्ये त्यात ३ मिळवायचे, २ चा २० वा घात, म्हणजे १ एमबी. उरलेले बिट चारने गुणले की ३ जीबीच्या अलीकडचा १ एमबी.

विक्रेत्याने आपल्या फांदीत (कोडच्या स्वतःच्या प्रतीत) शून्य क्रमांकाची नोंद स्वतःकडे ठेवली होती, तिथे रजिस्टर थेट लिहिले होते आणि ओपनएसबीआयची मोजणी १ पासून सुरू केली होती. कुंपण खरे होते, पण खुद्द फर्मवेअरच्या दप्तरात त्याची नोंद नव्हती. त्यामुळे बॅनरमध्ये ते छापले जात नव्हते आणि डिव्हाइस ट्रीतही आपोआप जाणे शक्य नव्हते. ओपनएसबीआय १.३ वर नुसती उडी मारली असती तर पहिला पट्टा सुटला असता, हा तसाच राहिला असता.

पर्याय

हायबरनेशनच सोडून द्यावे हा पहिला पर्याय. पंपाची स्थिती आणि मोजण्या ॲपने स्वतः दर काही सेकंदांनी फाइलमध्ये लिहिल्या असत्या तर थंड बूटही चालला असता. अभियांत्रिकी म्हणून हा पर्याय जितका गंभीरपणे घ्यायला हवा होता तितका घेतला गेला नाही. करारात ‘सोडल्या जागेवरून’ हे शब्द होते आणि चर्चा तिथेच थांबली.

दुसरा, डीटीबीतल्या दोन्ही हाताने लिहिलेल्या नोंदींना नो-मॅप लावून पुढे जायचे. अर्ध्या तासाचे काम. पण पुढच्या फर्मवेअरने हद्द बदलली की पुन्हा हीच रात्र.

तिसरा, कर्नलमध्ये छोटा पॅच घालून दोन्ही पट्टे ‘जपू नको’ म्हणून नोंदवायचे. याने फक्त हायबरनेशन सुटते. क्रॅश डंप घेताना दुसरा कर्नल पहिल्याची सगळी सिस्टम रॅम वाचतो. तिथे हीच पाने पुन्हा आडवी आली असती.

चौथा, डीटीबीतल्या मेमरीच्या नोंदीतूनच पहिले २ एमबी आणि शेवटचा १ एमबी कापून टाकायचे. तपासायला सर्वात सोपा. पण पाटीचा (सर्किट बोर्डाचा) ५१२ एमबीचा प्रकारही विकला जात होता आणि तिथे शेवटचा १ एमबी वेगळ्या पत्त्यावर होता. प्रत्येक प्रकारासाठी हाताने लिहिलेली एकेक यादी वाढली असती.

पाचवा, हद्द एकाच ठिकाणी ठरवायची, फर्मवेअरच्या डोमेनमध्ये, आणि तिथून ती कर्नलपर्यंत न बदलता पोचेल अशी वाट करायची. यासाठी फर्मवेअर, यू-बूट आणि डीटीबी तिन्हीकडे हात घालावा लागणार होता आणि विक्रेत्याची फांदी स्वतः सांभाळावी लागणार होती.

पाचवा निवडला. दुसरा तात्पुरता म्हणून तपासाच्या पाट्यांवर ठेवला, पण मुख्य शाखेत घेतला नाही. पहिल्या खुणेच्या वेळी तात्पुरता उपाय मुख्य शाखेत गेला होता आणि मग तोच कायमचा झाला होता.

केलेले काम

फर्मवेअर आधी १.३ वर आणले. थेट रजिस्टर लिहिणारा विक्रेत्याचा भाग काढला आणि तो १ एमबी प्लॅटफॉर्मच्या अर्ली-इनिट टप्प्यात मूळ डोमेनमध्ये मेमरी-पट्टा म्हणून जोडला, एस-मोडला कोणतीही मुभा न देता. वेळ चुकवून चालत नाही: डोमेनची यादी पक्की झाल्यावर पट्टा जोडता येत नाही. १.३ मध्ये फर्मवेअरचे स्वतःचेही दोन पट्टे होतात, एक वाचण्या-चालवण्याचा आणि एक वाचण्या-लिहिण्याचा. या पाटीवर दोन्ही २५६ केबीचे आले. चिपमध्ये पीएमपीच्या नोंदी ८ आहेत. फर्मवेअरच्या दोन, किल्ली-सेवेची एक, टायमर-इंटरप्ट ब्लॉकची एक आणि शेवटची सर्वव्यापी एक, अशा ५ लागल्या. डोमेनमध्ये पट्टा जोडण्याआधी ही मोजदाद करावी. नोंदी कमी पडल्या तर पट्टे २ च्या घातात एकत्र करावे लागतात आणि त्यात चांगली मेमरीही कुंपणात जाते.

यू-बूट हा नाजूक भाग होता. आधीच्या टप्प्याकडून आलेल्या ट्रीतल्या राखीव नोंदी कर्नलच्या डीटीबीत नकलण्याची सोय रिस्क-फाइव्हच्या यू-बूटमध्ये आहे. या फांदीत ती हाक (फंक्शन कॉल) टिप्पणीत टाकून निकामी केलेली सापडली. जुनी नोंद पाहता कारण कळले: नकललेला पट्टा आणि हाताने लिहिलेला पट्टा एकमेकांवर चढत होते, कर्नल ‘ओव्हरलॅप’ची तक्रार लॉगमध्ये टाकत होता आणि कोणीतरी ती तक्रार बंद करण्यासाठी योग्य यादीच बंद केली होती.

हाक परत चालू करून चालले नसते. यू-बूट राखीव नोंद टाकण्याआधी तंतोतंत तोच पट्टा डीटीबीत आहे का बघतो, आणि असेल तर नवी नोंद न टाकता यशस्वी म्हणून परत येतो. किल्ली-सेवेची हाताने लिहिलेली नोंद तंतोतंत त्याच १ एमबीची होती आणि तिला नो-मॅप नव्हते. म्हणजे फर्मवेअरची नो-मॅप असलेली नोंद गुपचूप गळून पडली असती. म्हणून दोन्ही हाताने लिहिलेल्या नोंदी त्याच कमिटमध्ये डीटीबीतून काढल्या. शिवाय नक्कल करताना नो-मॅपची खूण सोबत जाते ना, हे त्या फांदीच्या कोडमध्ये वाचून घेतले. जुन्या फांद्यांत ते गृहीत धरू नये.

यानंतरही एका पाटीवर नक्कल होईना. ती डीबग कर्नलची पाटी होती. फर्मवेअरने आपला ट्री डीरॅमच्या सुरुवातीपासून ३४ एमबीवर ठेवला होता, म्हणजे कर्नलच्या चढण्याच्या जागेपासून ३२ एमबी पुढे. डीबग कर्नल ३२ एमबीपेक्षा मोठा होता. यू-बूटने कर्नल उतरवताना तो ट्रीवर चढला आणि नक्कल करायची वेळ आली तेव्हा ट्रीची ओळख पटवणारा आरंभीचा अंकच पुसला गेला होता. ट्रीची जागा आणखी वर हलवली आणि नक्कल फसली तर यू-बूटने बूट थांबवावा असा बदल केला. राखीव यादीविना चढलेले यंत्र आज ना उद्या कोसळणारच. ते पंपखोलीऐवजी टेबलावर कोसळलेले परवडते.

पडताळणी

कर्नलला पीएमपी वाचता येत नाही, पण कुंपणाला हात लावून बघता येतो. एक छोटे चाचणी-मॉड्यूल लिहिले. ते सिस्टम रॅम म्हणून नोंदलेल्या प्रत्येक ४ केबीच्या पानातला एक शब्द ‘नो-फॉल्ट’ वाचनाने वाचते आणि जिथे वाचन नाकारले गेले त्या पानांची यादी छापते. ॲक्सेस फॉल्टलाही कर्नलची अपवाद-सारणी लागू होते, म्हणून यात कर्नल कोसळत नाही. १ जीबीत अशी २,६२,१४४ पाने असतात, त्यातून नो-मॅपची वजा. जुन्या मांडणीवर मॉड्यूलने पहिल्या ५१२ केबीतली १२८ आणि शेवटच्या १ एमबीतली २५६ अशी ३८४ पाने दाखवली. नव्यावर एकही नाही. मर्यादा अशी की ते फक्त वाचून बघते. वाचायला मोकळा आणि लिहायला बंद असा पट्टा त्यातून निसटतो. या फर्मवेअरमध्ये तसा पट्टा नाही, हे बॅनर आणि जेटॅगवरून वेगळे तपासले.

याशिवाय तीन ठिकाणी एकच चित्र दिसते का ते बघितले: ओपनएसबीआयच्या बॅनरमधले एस-मोडला बंद असलेले मेमरीचे पट्टे, कर्नल लॉगमधल्या नो-मॅप लिहिलेल्या राखीव नोंदी, आणि आयओमेमची यादी (कर्नलच्या लेखी कोणता भौतिक पत्ता कशासाठी आहे ती). शेवटच्या यादीत नो-मॅप पट्टे ‘रिझर्व्हड’ म्हणून सर्वात वरच्या पातळीवर दिसायला हवेत. ते सिस्टम रॅमच्या पोटात दिसले तर नो-मॅप कुठेतरी गळाले असे समजावे.

निष्पत्ती

हायबरनेशनच्या फेऱ्या रात्रभर चालल्या, एकही फसली नाही. हाताने राखलेल्या २ एमबीतले दीड एमबी परत मिळाले, ते कोणी मागितले नव्हते. डीरॅमच्या सुरुवातीला १ जीबीऐवजी २ एमबीची आणि काही ४ केबीची पाने आली. पंपाच्या मोजण्या घेणाऱ्या यंत्राला त्याचा फरक पडला नाही. मोठ्या डेटाबेसच्या यंत्रावर हा हिशोब आधी मांडायला हवा.

एक धोका उशिरा लक्षात आला. जपलेली प्रतिमा परत आणताना कर्नल स्वतःची आवृत्ती जुळते का बघतो, फर्मवेअरची बघत नाही. झोप आणि जाग यांच्या मध्ये फर्मवेअर बदलले आणि त्याचे कुंपण वाढले, तर प्रतिमेतली काही पाने आता बंद असलेल्या जागी लिहायला जातील आणि कारण ७ ने यंत्र मरेल. म्हणून दूरस्थ अपडेटच्या स्क्रिप्टमध्ये फर्मवेअर लिहिण्याआधी स्वॅप विभाग (प्रतिमा जिथे जपली जाते तो) नव्याने आखला जातो, म्हणजे जुनी प्रतिमा रद्द होते, आणि पुढचा एक बूट ‘नो-रिझ्यूम’ने होतो.

वेगळे काय करता आले असते

कर्नल आणि फर्मवेअर एकाच दिवशी बदलायला नको होते. जुन्या कर्नलवर नवे फर्मवेअर चढवले असते तर काहीच दिसले नसते हे खरे, पण जुन्या फर्मवेअरवर ६.६ चढवून मग फर्मवेअर बदलले असते, तर २५६ ते ५१२ केबीची उडी त्याच दिवशी नजरेत आली असती.

पहिल्या कोसळण्याच्या वेळी कारण-क्रमांक ७ वाचून कोणी बॅनरकडे पाहिले असते तर पाच मिनिटांत हद्द कळली असती. त्याऐवजी २ एमबी हा गोल आकडा टाकला गेला. तो पुरेसा मोठा होता, आणि म्हणूनच त्याने चूक झाकली.

‘नॉन-पोर्टेबल’ पर्याय चालू करण्याबद्दल टीममध्ये अजून दोन मते आहेत. बूटलोडरवाल्याचे म्हणणे, पर्याय दिला आहे म्हणजे वापरायलाच दिला आहे. कर्नलवालीचे म्हणणे, तो चालू करणाऱ्याने वरची टिप्पणी कमिटमध्ये उतरवून तिची अट कशी पुरी होते ते लिहावे. सध्या दुसरा नियम चालू आहे.

ॲपने स्वतःची स्थिती लिहून ठेवायचा पर्याय पुढच्या आवृत्तीत घेतला जाणार आहे. हायबरनेशन राहील, पण बॅटरी मध्येच गेली तर एकमेव आधार तो नसेल.

विक्रेत्याने आपल्या फांदीत थेट रजिस्टर लिहिण्याचा भाग अजून तसाच ठेवला आहे. त्यामुळे त्यांचे नवे फर्मवेअर आले की कंपनीचा पॅच पुन्हा बसवावा लागतो. प्रत्येक वेळी पॅच बसवण्याआधी जेटॅगने आठही नोंदी वाचून आधीच्या यादीशी ताडून बघतात.